कॉलनीतली खुली जागा हिरवी ठेवायची तर: माळी, पाणी आणि वर्गणीचा हिशेब

सांगलीत विश्रामबागेच्या मागे, धामणी रोडला किंवा मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठल्याही लेआउटमध्ये शिरा, एक खुली जागा असतेच. कुठे तिथे चालायचा ट्रॅक, ओपन जिम आणि करपलेलं लॉन दिसतं. कुठे कमरेएवढं गाजरगवत. मोजक्याच ठिकाणी सावली धरलेली झाडं असतात आणि संध्याकाळी बाकावर जागा मिळत नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला कुणीतरी हौसेने खर्च केलेलाच असतो. फरक पडतो तो नंतर दरमहा लागणाऱ्या पैशाने. रोपं लावायला पैसे मिळतात, कारण त्या दिवशी नारळ फुटतो आणि फोटो निघतो. मे महिन्यातल्या टँकरचं बिल भरायला कुणी नारळ घेऊन येत नाही.

म्हणून हा लेख नेहमीच्या उलट क्रमाने लिहिला आहे. आधी कागद, मग पाणी आणि माळी, त्यावरून वर्गणी, आणि झाडं कोणती लावायची ते सगळ्यात शेवटी. ज्या कॉलन्या झाडांच्या यादीपासून सुरुवात करतात त्यांची बाग साधारण तिसऱ्या उन्हाळ्यात आटोपते.

जागा कुणाच्या नावावर आहे?

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात, म्हणजे लेआउटमध्ये, दहा टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते. जुन्या लेआउटमध्येही कमीअधिक असाच नियम होता. पण जागा सुटली म्हणजे ती तुमची झाली असं नाही. नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची प्रत काढा आणि सिटी सर्व्हेतून त्या तुकड्याचं प्रॉपर्टी कार्ड, किंवा भाग अजून शेतीच्या नोंदीत असेल तर सातबारा. दोन्ही समोर ठेवून नाव आणि क्षेत्र जुळवा.

तीनपैकी एक परिस्थिती निघते. नाव महापालिकेचं असेल तर एक रुपया खर्च करण्याआधी लेखी परवानगी किंवा देखभालीचा करार हवा. तोंडी ‘करा की, कोण विचारतंय’ यावर जाऊ नका. साहेब बदलले की तेच वाक्य उलटं फिरतं. नाव संस्थेचं असेल तर उत्तम. नाव मूळ जमीनमालकाचं किंवा त्याच्या वारसांचं राहून गेलं असेल, आणि सांगलीत हे बऱ्याच ठिकाणी आहे, तर बागेचा विचार बाजूला ठेवा आणि वकील गाठा. दहा वर्षं जोपासलेल्या जागेवर अचानक तारेचं कुंपण पडलेलं पाहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

प्रकल्प महारेरात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर तिथे बिल्डरने बागेबद्दल काय लिहून दिलंय ते वाचा. रेरा कायद्याखाली संस्थेने ताबा घेईपर्यंत सामाईक सोयींची देखभाल वाजवी आकार घेऊन प्रवर्तकानेच, म्हणजे बिल्डरनेच, करायची असते, आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं त्याच्यावर असते. खरेदीच्या वेळी ‘मेंटेनन्स’ म्हणून एकरकमी पैसे घेतले असतील तर ताबा घेताना त्याचा हिशेब आणि शिल्लक दोन्ही मागा. पावत्या प्रत्येकाच्या कपाटात असतात, फक्त एकत्र कुणी करत नाही.

संस्था कुठल्या कायद्याखाली आहे?

हा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण वर्गणीची वसुली यावरच ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर थकबाकीवर उपविधीप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नोंदलेल्या नियमांप्रमाणे, सरळव्याजाने २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो. शिवाय प्लॉट विकताना हस्तांतरणासाठी सभासदाला संस्थेकडे यावंच लागतं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मोकळ्या प्लॉटच्या मालकाकडून थकलेली वर्गणी खरी वसूल होते ती तेव्हाच.

याउलट १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं ‘नागरी विकास मंडळ’ असेल, तर असा कुठलाच सोपा रस्ता नाही. तिथे वर्गणी म्हणजे शेवटी विनंतीच. मंडळावर बाग चालत नाही असं नाही. चालते, पण मग हिशेब सगळ्यांनी दिले तर असा न करता देणारे किती यावर करावा लागतो. नवी कॉलनी असेल आणि अजून काहीच नोंदलं नसेल, तर माझं मत सरळ आहे: गृहनिर्माण संस्थाच करा. ऑडिट, निवडणूक, सप्टेंबरअखेर वार्षिक सभा ही कटकट आहे खरी, पण त्याच कटकटीमुळे पैसे येतात.

पाणी: एक गुणाकार

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एवढं लक्षात ठेवलं की अर्धे वाद मिटतात.

समजा, पाच एकरांचा लेआउट आहे. म्हणजे दोनशे गुंठे, त्यातली वीस गुंठे खुली जागा. त्यात निम्मं, दहा गुंठे, लॉन करायचं ठरलं. दहा गुंठे म्हणजे साधारण एक हजार चौरस मीटर. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात लॉन हिरवं ठेवायचं तर रोज पाचेक मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे रोज पाच हजार लिटर. आठवड्याला पस्तीस हजार. बोअर आटल्यावर हे टँकरने आणायचं म्हटलं तर पाच हजार लिटरचा एक टँकर रोज.

आता त्याच जागेत साठ झाडं लावली आणि दोन-तीन वर्षांच्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्याला चाळीस लिटर दिले, तर होतात दोन हजार चारशे लिटर. आठवड्याला अर्धा टँकर. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर करंज, कडुनिंबासारख्या झाडांना तेही लागत नाही.

हा गुणाकार सभेत फळ्यावर लिहून दाखवा. ‘हिरवंगार लॉन पाहिजे’ म्हणणारे निम्मे लोक तिथेच गप्प होतात. लॉन करूच नका असं मी म्हणत नाही. लहान मुलांना पडायला-झडायला दोन गुंठे ठेवा. तेही नर्सरीतलं महागडं कार्पेट नको. आपली हरळी पायाखाली टिकते, उन्हात पिवळी पडली तरी वळवाच्या पहिल्या सरीला परत येते. बाकी जागेत झाडं, झुडपं आणि त्यांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन.

बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. कृष्णाकाठच्या बऱ्याच पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि बोअरचं पाणीही खारवट निघतं. बादलीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर ठिबकच्या ड्रिपरमध्येही तोच धरणार. अशा पाण्यावर नाजूक फुलझाडांचा हट्ट करू नये.

ठिबक बसवायचं तर कॉलनीत चौकशी करा. तासगाव-कवठेमहांकाळकडचा एखादा द्राक्षबागायतदार मुलांच्या शिक्षणासाठी सांगलीत राहायला आलेला असतोच, आणि त्याच्याइतकं ठिबक कुठल्याही ठेकेदाराला कळत नाही. तो पहिल्यांदा फिल्टर बघेल. तुम्हीही तेच करा: फिल्टर, मग शेवटच्या टोकाला दाब असणं, मग बाकीचं. ड्रिपर नीट चालतोय का हे बघायचा सोपा उपाय असा: ताशी चार लिटरच्या ड्रिपरखाली एक लिटरचं माप पंधरा मिनिटं ठेवायचं. ते भरायला हवं. ओळीतल्या पहिल्या झाडाखाली भरलं आणि शेवटच्या झाडाखाली निम्मंच राहिलं, तर नळी चोंदली आहे किंवा खारीने कुठेतरी कुरतडली आहे. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक नळीचं टोक उघडून गाळ वाहू द्यायचा. हे काम कुणाचं ते नावानिशी ठरलेलं असावं, नाहीतर ते कुणाचंच नसतं.

पावसाचं पाणी जिरवायची सोय जमत असेल तर कराच. सांगलीत वर्षाला साधारण पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या समाजमंदिराच्या छतावरून, वाया जाणारं सोडून, चाळीस हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. ते गाळून बोअरच्या पुनर्भरणाला सोडलं तर उन्हाळ्यात बोअर थोडी जास्त ओढते. मात्र शामरावनगरसारख्या मुळातच पाणी साचणाऱ्या भागात आधी निचऱ्याचं बघा, जिरवण्याचं नंतर.

माळी

वीस गुंठ्यांना पूर्णवेळ माळी लागत नाही आणि परवडतही नाही. शेजारच्या दोन कॉलन्यांनी मिळून एक माणूस ठेवावा: सकाळी एकीकडे, दुपारनंतर दुसरीकडे. ठेकेदाराला चौरस फुटाच्या दराने काम देणं सोपं वाटतं, पण मग दर महिन्याला नवा माणूस येतो आणि कुठला व्हॉल्व्ह कुठली ओळ चालवतो हे कुणालाच माहीत नसतं. लहान कॉलनीने थेट माणूस ठेवावा. ठेका द्यायचाच असेल तर करारात आठवड्याचे तास लिहा. ‘बाग सुस्थितीत ठेवणे’ या तीन शब्दांतून काहीच वसूल होत नाही. संस्थेने ठेकेदाराला एका बिलात तीस हजारांहून किंवा वर्षात एक लाखाहून जास्त दिले तर टीडीएस कापावा लागतो, हे खजिनदाराला आधीच सांगून ठेवा.

माळी टिकत नाही अशी तक्रार सगळीकडे असते. टिकत नाही कारण त्याला साठ मालक असतात. एक काकू कुंडी उचलायला सांगतात, एक काका गाडी पुसायला, तिसरे म्हणतात लॉन का वाळलं. सूचना एकाच माणसाने द्यायची आणि बाकीच्यांनी त्या माणसाला सांगायचं, हा नियम पहिल्याच सभेत करा. पगार एक तारखेला, आठवड्याची सुट्टी, दिवाळीला बोनस, पावसाळ्याला गमबूट, आणि अवजारं ठेवायला कुलपाची खोली. त्याला वापरता येईल असं संडास-पाणी कॉलनीत आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारा.

आकडा कसा काढायचा

वर घेतलेलाच लेआउट पुढे नेऊ. साठ प्लॉट, त्यात चाळीस-पंचेचाळीस घरं बांधलेली, बाकी मोकळे. दरमहाचा खर्च समजा असा येतो: अर्धवेळ माळी ९,००० रुपये, पंप आणि दिव्यांची वीज १,८००, उन्हाळ्यातले टँकर वर्षावर वाटून १,५००, खत, औषध, अवजारं १,२००, मोटर, पाइप, व्हॉल्व्हची दुरुस्ती १,०००, आणि पुढे मोटर जळेल किंवा कुंपण पडेल त्यासाठी बाजूला टाकायचे १,५००. एकूण १६,०००. तुमच्याकडचे दर वेगळे असतील. ओळी मात्र याच ठेवा.

आता बहुतेक समित्या सोळा हजाराला साठने भागतात. २६७ रुपये येतात, २५० ठरवले जातात, आणि ऑक्टोबरपासून माळ्याचा पगार थकायला लागतो. कारण साठातले साठ कधीच देत नाहीत. भागाकार ऐंशी टक्क्यांनी, म्हणजे अठ्ठेचाळीसने करा. ३३३ रुपये महिना, वर्षाला सरळ ४,०००. उरलेल्या बारा जणांचे पैसे आले तर ते राखीव निधीत टाका, खर्चात नको.

दरमहा गोळा करण्यापेक्षा वर्षाची वर्गणी एप्रिलमध्ये एकदम घ्या. उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा खर्च तेव्हाच असतो, आणि खजिनदाराला बाराऐवजी एकदाच दारं ठोठवावी लागतात.

मोकळ्या प्लॉटवाल्यांनी का द्यायचं, हा वाद होणारच. माझं उत्तर ठरलेलं आहे: बाग असलेल्या कॉलनीतल्या प्लॉटला भाव जास्त येतो, आणि तो भाव राहणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला आधी मिळतो. शिवाय सेवाशुल्क सर्वांना समान हे तत्त्व आदर्श उपविधीतच आहे. क्षेत्रफळावर वर्गणी लावायच्या फंदात पडू नका, वर्ष त्यातच जातं.

ठराव मोघम नसावा. साधारण असा लिहिता येईल:

‘खुल्या जागेच्या देखभालीसाठी प्रत्येक प्लॉटमागे, प्लॉट बांधलेला असो वा मोकळा, वार्षिक रु. ४,००० वर्गणी दि. १ एप्रिल रोजी देय राहील. दि. ३० एप्रिलपर्यंत जमा न झाल्यास उपविधीनुसार व्याज आकारण्यात येईल. ही रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्यात येईल व माळ्याचा पगार, पाणी, वीज, खत आणि बागेची दुरुस्ती यांखेरीज अन्य कारणासाठी वापरण्यात येणार नाही. दराचा फेरविचार दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत करण्यात येईल.’

यातलं स्वतंत्र खात्याचं वाक्य कुणालाही गाळू देऊ नका. एकाच खात्यात पैसे राहिले की गणपतीची वर्गणी, रस्त्याचे खड्डे आणि बागेचं पाणी एकमेकांत मिसळतात, आणि कमी पडतं ते नेहमी बागेलाच. सिंकिंग फंडालाही हात लावू नका. तो इमारतीच्या मोठ्या कामासाठी असतो.

‘एकदाच मोठी रक्कम ठेव ठेवू आणि व्याजावर बाग चालवू’ ही कल्पना प्रत्येक कॉलनीत एकदा तरी निघते. वर्षाला १,९२,००० खर्च आहे. साडेसहा टक्के व्याज धरलं तर साडेएकोणतीस लाखांची ठेव लागते, म्हणजे प्लॉटमागे जवळजवळ पन्नास हजार. तेही माळ्याचा पगार कधीच वाढणार नाही असं धरून. ठेव असावी, पण वर्गणीला टेकू म्हणून. आणि ती कुठे ठेवायची याबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो: बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एक टक्का जास्त मिळतो म्हणून कॉलनीचे पैसे पतसंस्थेत टाकायचा मोह आवरा. गृहनिर्माण संस्थेला गुंतवणूक कुठे करता येते हे सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये सांगितलेलंच आहे.

बाहेरचा पैसा

नगरसेवक, आमदार, खासदार यांच्या निधीतून ट्रॅक, कुंपण, दिवे, खेळणी, ओपन जिम होतं. टिकाऊ काम हवं, हा त्या निधीचा स्वभाव आहे. पगार आणि पाणीबिल त्यात बसत नाही. जागाही साधारणपणे सार्वजनिक, सगळ्यांना खुली असावी लागते. गेटला कुलूप लावायचं आणि निधीही मागायचा, हे जमत नाही. मागायला जाताना ‘काहीतरी द्या’ म्हणू नका. उन्हाळ्यात तुमचा खर्च कमी करणारी गोष्ट मागा: पाण्याची टाकी, पुनर्भरणाचं काम, कुंपण. कारंजं देऊ केलं तर हात जोडून नको म्हणा. त्याची मोटर, वीज आणि साचलेल्या पाण्यातले डास तुमच्याच माथी येतात.

घरपट्टीच्या बिलात वृक्षकराची ओळ असते ती बघा. १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे जतन कायद्याखालचा हा कर झाडांसाठीच असतो. कॉलनीतल्या रस्त्याकडेच्या झाडांची धोकादायक फांदी काढणं, नवी रोपं, ट्री-गार्ड यांसाठी उद्यान विभागाकडे अर्ज करताना या ओळीचा उल्लेख करा. २०२० पासून माझी वसुंधरा अभियानात राज्यातल्या स्थानिक संस्थांना हरित कामांवर गुण मिळतात. त्याचं मूल्यमापन जवळ आलं की अशा अर्जांना जरा लवकर पाय फुटतात.

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतून सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचा पैसा, आणू, असं कुणीतरी म्हणेलच. कंपनी कायद्यातली ती सक्ती निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मूल्य पाचशे कोटी असलेल्या कंपन्यांना लागते, आणि पैसे घेणाऱ्या संस्थेची स्वतंत्र नोंदणी लागते. साठ प्लॉटच्या बागेसाठी त्या मागे धावण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा शंभर फुटी रस्त्यावरचा दवाखाना किंवा स्वीट मार्ट वर्षभराच्या टँकरचे पैसे देऊन गेटवर छोटा फलक लावायला तयार होतो. फलकाचा आकार आणि मुदत लिहून घ्या, पालिकेची परवानगी लागते का ते विचारा.

देणगीची बाकं हा वेगळाच विषय. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेली सिमेंटची बाकं कॉलनीत एवढी होतात की झाडांपेक्षा बाकं जास्त. भावनेचा प्रश्न असल्याने नाही म्हणता येत नाही. मग असं करा: स्मृतिवृक्षाची सोय ठेवा, आणि देणगीत रोप, गार्ड आणि पहिल्या तीन वर्षांचं पाणी धरा. बाकाच्या किमतीतच होतं, आणि घरचे लोक दर आठवड्याला झाड बघायला येतात, हा फायदा वेगळाच.

खुली जागा वाढदिवसाला, हळदीला, मंडपाला देत असाल तर भाडं आणि परत मिळणारी अनामत दोन्ही घ्या. मंडपवाल्याने खांबासाठी पाडलेले खड्डे बुजवले, ठिबकची नळी कापलेली नाही, हे माळ्याने बघितल्यावरच अनामत परत. भाड्याचे पैसे बागेच्याच खात्यात.

आता झाडं

सांगलीची काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. पेव्हर ब्लॉक वर येतात, कठड्याला चिरा पडतात आणि दोष झाडाला जातो. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट, एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्यावा. भरताना पोयटा, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंचावर लावायचं, कारण काळ्या मातीतला भुसभुशीत खड्डा पावसात पाण्याने भरून राहतो आणि मुळं कुजतात. मृगाचा पाऊस दोन-तीनदा चांगला होऊन गेला की लावणी. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सरीवर भुलून लावलेली रोपं नंतरच्या उघडिपीत मरतात. वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतून पावसाळ्यात स्वस्तात रोपं मिळतात. हातभर रोपापेक्षा चार-पाच फुटांचं, सरळ खोडाचं घ्या.

रस्त्याकडेला करंज, कडुनिंब, बकुळ. आत जागा असेल तिथे जांभूळ, शिरीष, बहावा. तारांखाली फक्त कमी उंचीचं: कांचन, पारिजातक, जास्वंद. महावितरणचे लोक पावसाळ्याआधी तारांजवळच्या फांद्या छाटतात आणि घाईत झाडाचा तोल बिघडतो. मग वळवाच्या वाऱ्यात ते एका बाजूला कलतं. तारेखाली करंज लावून दर मे महिन्यात त्यांच्याशी भांडत बसण्यात अर्थ नाही.

टाळायची यादी माझी स्वतःची आहे, काहींना पटणार नाही. गुलमोहर दिसायला देखणा, पण फांदी ठिसूळ. गाड्या लावायच्या जागी नको. सप्तपर्णी ऑक्टोबरात फुलली की तिच्या उग्र वासाने अनेकांचं डोकं धरतं. कोनोकार्पसचं कुंपण झटपट वाढतं म्हणून लोक लावतात, त्याच्यावर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. वड, पिंपळ, उंबर मोठ्या मोकळ्या जागेत जरूर, पण कंपाउंडच्या भिंतीपासून लांब.

ट्री-गार्डबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण त्याच्याइतकी झाडं फारच थोड्या गोष्टी मारतात. लोखंडी गार्ड लावला, देणगीदाराच्या नावाची पाटी बसली, आणि मग तो काढायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी खोड आडव्या पट्टीला टेकतं. साल पट्टीच्या वरून-खालून ओठासारखी फुगते आणि लोखंड आत घेते. नंतर कटरने कापायला गेलं तरी निम्मी पट्टी खोडातच राहते, आणि पुढे वाऱ्यात झाड मोडतं ते बरोबर तिथेच. नोंदवहीत प्रत्येक गार्डसमोर लावल्याचं वर्ष लिहा. तीन वर्षांनी काढा आणि नव्या रोपाला वापरा. आधाराच्या काठीला बांधलेली नायलॉनची दोरीही तशीच घात करते. सुतळी वापरावी, ती आपोआप कुजते.

बुंध्याभोवती सिमेंट किंवा पेव्हर खोडापर्यंत आणू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत भोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. ट्रॅकच्या ठेकेदाराला तेच माप द्या, आणि तो काम करत असताना तिथे उभे राहा.

छाटणी, पाचोळा, नोंदवही

झाडांची नोंदवही करा: क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, लावल्याचं वर्ष. एका रविवारचं काम आहे. १९७५ च्या कायद्यात झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेही तोडण्यातच धरतात, म्हणून मोठी फांदी काढायची तरी उद्यान विभागाची परवानगी घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. ‘पालापाचोळा पडतो, तोडून टाका’ म्हणणाऱ्या सभासदासमोर हे वाक्य मोठ्याने वाचावं.

पाचोळा जाळायचा नाही. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंडाची तरतूद हरित लवादाने २०१६ मध्येच केली आहे. कोपऱ्यात तीन फूट खोल दोन खड्डे घ्या. एक भरेपर्यंत दुसरा कुजतो. थरावर थोडं शेण, ओलावा धरण्यापुरतं पाणी. फेब्रुवारी-मार्चची पानगळ पावसाळ्यानंतर खत होऊन हाती येते, आणि खताची बाराशेची ओळ जरा खाली येते.

वर्षाच्या वेळापत्रकाची फार लांबण लावण्याची गरज नाही. मेअखेर धोक्याच्या फांद्या आणि नाल्या. जुलैमध्ये मेलेल्या रोपांच्या जागी नवी. परतीचा पाऊस थांबताच आच्छादन, कारण ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या झाडांना मेपेक्षा जास्त फसवतं. जानेवारीत ठिबक तपासणी आणि मोटरची सर्व्हिस, म्हणजे एप्रिलमध्ये रिवाइंडिंगवाल्याच्या दारात रांगेत उभं राहावं लागत नाही.

पूरपट्ट्यातल्या कॉलन्यांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. पंप आणि वीजमीटर २०१९ च्या महापुराच्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर बसवा. ते शक्य नसेल तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी इशारा पातळीला, चाळीस फुटांना पोचलं की मोटर काढून कुणाच्या गच्चीवर ठेवायची हे जुलैआधी ठरवा. धोका पातळी पंचेचाळीस फुटांना आहे, पण तोवर थांबलात तर गडबडीत घरचं सामान हलवायचं की मोटर, असा प्रश्न पडतो. नव्या लावणीत करंज, अर्जुन, जांभूळ घ्या. थोडे दिवस पाण्यात उभं राहणं त्यांना सोसतं. पाणी ओसरल्यावर बुंध्याशी साचलेला गाळ त्याच आठवड्यात, ओला असतानाच खोऱ्याने ओढा. वाळला की तो दगडासारखा होतो आणि कुदळीने काढताना मुळं तुटतात.